विज्ञानपटांवरची भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानपट आणि विज्ञानमालिका पाहणारे चार जण एकत्र आले की फिरूनफिरून तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत. मतं अर्थातच माझी आहेत आणि ती गुळमुळीत करण्याचा प्रयत्न केलेला नाही.

सिनेमातलं विज्ञान चुकलं तर तो विज्ञानपट वाईट ठरतो का?

नाही. पण "सिनेमाच आहे, कशाला एवढं मनावर घेता" हेही उत्तर मला पटत नाही. माझा हिशोब सरळ आहे: प्रत्येक विज्ञानपटाला एक थाप माफ. ती कितीही मोठी असू दे. कालप्रवास, प्रकाशापेक्षा वेगवान यान, माणसासारखा विचार करणारा यंत्रमानव, काहीही चालेल. मात्र एकदा मारलेल्या थापेशी शेवटपर्यंत इमान राखायचं. कथानक अडलं की दुसरी थाप, ती निस्तरायला तिसरी, असं सुरू झालं की माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं.

'द मार्शियन' (२०१५) घ्या. सुरुवातीच्या ज्या वादळामुळे नायक मंगळावर एकटा पडतो, ते वादळच मुळात अशक्य आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी अंगाला झुळकीइतकाच जाणवेल, यान कलंडायची बातच सोडा. मूळ कादंबरीचा लेखक अँडी विअर याला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते मोकळेपणाने कबूलही केलं आहे. नायकाला मागे सोडायला त्याला एक निमित्त हवं होतं. पण तिथून पुढे बटाट्यांना लागणारं पाणी, रोजच्या कॅलरी, हायड्रेझीन या यानाच्या इंधनापासून पाणी बनवताना उडालेला भडका, सगळं चोख हिशोबात चालतं. एक थाप मारली, पुढे इमान राखलं. मला चालतं.

मग 'ग्रॅव्हिटी' चालतो की नाही?

अर्धा चालतो. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक वेगवेगळ्या उंचीवर तर आहेतच, शिवाय त्यांच्या कक्षांचा कलही वेगळा आहे: हबलचा सुमारे २८.५ अंश, स्थानकाचा ५१.६ अंश. पाठीवरच्या जेटपॅकने एकीकडून दुसरीकडे जाणं अशक्य, तेवढं इंधन त्यात मावणारच नाही. पण ही त्या सिनेमाची माफ असलेली थाप आहे. ती नसेल तर गोष्टच घडत नाही.

खरं भांडण पट्ट्याच्या प्रसंगावरून होतं, आणि ते तासन्‌तास चालतं. सँड्रा बुलकचा पाय पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलाय, तिच्या हातात पट्टा आहे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जॉर्ज क्लूनी. दोघंही थांबलेले दिसतात. थांबले, म्हणजे त्याला दूर ओढणारं काही उरलंच नाही. तिने पट्ट्याला हलका हिसका दिला असता तरी तो तिच्याकडे तरंगत आला असता. इथे मात्र तो कड्यावरून लोंबकळत असल्यासारखा स्वतःला सोडवून घेतो आणि जातो. चाहत्यांचा बचाव असा, की दोऱ्या अजून ताणल्या जात होत्या, म्हणजे दोघं पुरते थांबले नव्हते. असेल. पण मग ते पडद्यावर दिसायला हवं होतं. प्रेक्षकाला भौतिकशास्त्राची वकिली करायला लावणारा प्रसंग पटकथेत कच्चाच राहिलेला असतो.

'इंटरस्टेलर'चं एवढं कौतुक कशासाठी?

कृष्णविवरासाठी, आणि ते कौतुक रास्त आहे. किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ या सिनेमाचे सल्लागार आणि कार्यकारी निर्माते होते (नोबेल त्यांना नंतर, २०१७ मध्ये, गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी मिळालं). त्यांनी समीकरणं दिली आणि इफेक्ट्स करणाऱ्या मंडळींनी त्यावरून प्रकाश कसा वाकेल याचं गणित संगणकाला करायला लावलं. काही चौकटी (फ्रेम) तयार व्हायला प्रत्येकी १०० तासांपर्यंत वेळ लागला. या कामावर २०१५ मध्ये शोधनिबंधही निघाला.

त्या शोधनिबंधात एक मजेशीर गोष्ट आहे. कृष्णविवराभोवतीची तापलेल्या वायूची तबकडी वेगाने फिरते, त्यामुळे आपल्याकडे येणारी तिची बाजू जास्त उजळ आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून ख्रिस्तोफर नोलनने दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. पुढे २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं खरं चित्र आलं, त्यात एक बाजू ठळकपणे उजळ होती. म्हणजे शास्त्रज्ञांचं गणित बरोबर होतं आणि दिग्दर्शकाने ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं. याला मी चूक म्हणणार नाही.

पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हेही हवेतलं नाही. कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर ते जमतं, असं थॉर्न यांनी गणित मांडून दाखवलं. तिथून परतल्यावर बाप पडद्यासमोर बसून तेवीस वर्षांत साचलेले मुलांचे निरोप पाहतो, तेव्हा सापेक्षतावाद कळायला फळा-खडू लागत नाही. विज्ञानपट भारी असतो तो असा.

शेवटच्या अर्ध्या तासातलं पुस्तकांचं कपाट आणि प्रेमाची महती ही मात्र दुसरी थाप. तिथे मी नाक मुरडतो. घरचे रडतात.

अवकाशात आवाज ऐकू येत नाही, मग 'स्टार वॉर्स'ला विज्ञानपट कसं म्हणायचं?

म्हणू नका, परीकथा म्हणा. तो सिनेमा स्वतःच फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सुरू होतो. त्याने विज्ञानाचं वचन दिलंय कुठे? त्यातल्या टाय फायटर यानांची किंकाळी बेन बर्ट या ध्वनिसंयोजकाने हत्तीचं ओरडणं आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र करून घडवली. ती विज्ञानाच्या दृष्टीने साफ चुकीची आणि सिनेमाच्या दृष्टीने अचूक आहे.

उलट टोकाला '२००१: अ स्पेस ओडिसी'. यानाबाहेर गेलेल्या अंतराळवीराचा फक्त श्वास ऐकू येतो, बाकी शुकशुकाट. 'ग्रॅव्हिटी'नेही इथे डोकं चालवलंय: ज्या वस्तूला पात्राचा हात लागतो, तिचाच दबका आवाज येतो, कारण कंपनं हातातून पोशाखाच्या आत पोहोचतात. पुढच्या वेळी हेडफोन लावून पाहा.

'२००१' पाहताना झोप लागली. कबूल केलं तर वाळीत टाकतील का?

टाकणार नाहीत. १९६८ च्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा दाखवला तेव्हाही लोक मध्येच उठून गेले होते, आणि त्यानंतर खुद्द दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने सुमारे १९ मिनिटं कापली. पहिला संवाद ऐकू यायलाच पंचवीसेक मिनिटं लागतात. हा सिनेमा मोबाइलवर, जेवता जेवता, तुकड्यातुकड्यांनी पाहायचा नाही. मोठ्या पडद्यावर मिळाला तर पाहा, नाहीतर दिवे घालवून पाहा. त्यानंतरही कंटाळा आला तर तो तुमचा हक्क आहे. 'तुला कळला नाही' हे वाक्य मात्र ऐकून घेऊ नका. ते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना शेवट कळलेला नसतो.

जुने इफेक्ट्स बघून हसू येतं. तरी लोक त्या सिनेमांना का डोक्यावर घेतात?

१९५४ चा जपानी 'गोजिरा', म्हणजे आपला गॉडझिला, पाहिलात तर रबरी पोशाखात माणूस आहे हे लहान मूलही सांगेल. पण त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. सिनेमा नोव्हेंबरात आला आणि त्याची सुरुवातच समुद्रातल्या एका बोटीपासून होते. थिएटरात बसलेल्या जपानी माणसाला रबर दिसलं नसणार.

दुसरं उदाहरण 'जुरासिक पार्क' (१९९३). दोन तासांहून मोठ्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातही संगणकावर बनवलेले त्याहून कमी. पावसातल्या प्रसंगात तो अजस्र टी-रेक्स खरोखरच सेटवर उभा होता. त्याच्या फोमच्या कातडीत पाणी मुरून तो जड व्हायचा आणि थरथरायला लागायचा. मग मंडळी टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. ती मेहनत पडद्यावर वजन होऊन उतरते. आजच्या पुष्कळ सिनेमांत राक्षस मोठा असतो, वजनदार नसतो.

म्हणून संगणकाच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) मधले ६१० शॉट्स अवघ्या ३५ जणांनी केले आणि इफेक्ट्सचं ऑस्कर नेलं. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचा प्रमुख होता, त्यामुळे काय हवं हे त्याला आधीच ठाऊक होतं. घोळ होतो तो शूटिंग संपल्यावर 'बघू काय टाकायचं ते' म्हटल्याने.

जो आपटला तो वाईट आणि जो चालला तो चांगला, असं म्हणता येईल का?

२५ जून १९८२ ही तारीख लक्षात ठेवा. अमेरिकेत त्या एकाच दिवशी 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' लागले आणि दोन्ही आपटले. दोन आठवडे आधी 'ई.टी.' आला होता आणि लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. 'द थिंग'वर तर समीक्षक तुटून पडले. आज विज्ञानपटांची कुठलीही यादी या दोघांशिवाय पुरी होत नाही. गल्ल्यावरून वाद जिंकू पाहणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे.

'ब्लेड रनर'ची नेमकी कुठली आवृत्ती पाहायची?

२००७ ची 'फायनल कट'. १९८२ च्या आवृत्तीत निर्मात्यांनी नायकाचं निवेदन आणि गोडगोड शेवट चिकटवला होता, दोन्ही टाळा. नायक डेकार्ड स्वतः कृत्रिम मानव आहे का? दिग्दर्शक रिडली स्कॉट 'आहे' म्हणतो, डेकार्डचं काम करणारा हॅरिसन फोर्ड वर्षानुवर्षं 'नाही' म्हणत होता. मी फोर्डच्या बाजूने. तो माणूस असेल तरच यंत्राने त्याला जीवदान देण्याला काही अर्थ उरतो.

पुस्तक श्रेष्ठ की सिनेमा?

'सोलारिस'वरून खुद्द लेखक आणि दिग्दर्शकाचंच पटलं नव्हतं. स्तानिस्लाव लेमच्या कादंबरीत माणसाला कधीच न उमगणारा एक विचार करणारा महासागर आहे. आंद्रेई तार्कोव्हस्कीला १९७२ च्या सिनेमात त्या महासागरापेक्षा नायकाची अपराधी भावना आणि मेलेल्या बायकोचं परत येणं महत्त्वाचं वाटलं. लेम अखेरपर्यंत नाराज राहिला. माझ्या मते दोघंही बरोबर होते. दोघांची थाप एकच, पण तिला विचारलेले प्रश्न निरनिराळे. पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं आलं की नाही, हे तपासत बसणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

चांगल्या मालिका मध्येच बंद का पडतात, आणि न पडल्या तर शेवटी का ढेपाळतात?

पैसा आणि प्रसारणाची वेळ. 'स्टार ट्रेक' १९६६ साली एनबीसीवर सुरू झाली. ती बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन पदरात पाडून घेतला. पण वाहिनीने मालिका टाकली शुक्रवारी रात्री दहाला, म्हणजे तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याच्या वेळी, आणि वर खर्चालाही कात्री लावली. ७९ भागांनंतर, १९६९ मध्ये, गाशा गुंडाळला. खरी लोकप्रियता मिळाली ती पुनःप्रसारणातून.

पैशांच्या तंगीने कधी कधी भलंही होतं. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवायचा खर्च परवडत नव्हता, म्हणून माणसांना किरणांनी खाली पाठवायची युक्ती निघाली आणि तीच मालिकेची ओळख झाली. 'डॉक्टर हू'मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली, तेव्हा १९६६ मध्ये डॉक्टर नव्या शरीरात जन्म घेतो असं दाखवलं. १९६३ साली सुरू झालेली ती मालिका त्या एका पळवाटेच्या जोरावर पुढे कित्येक दशकं टिकली. पुढची कथा फुलवणारी थाप ही अशी असते.

'फायरफ्लाय'चं दुखणं वेगळं. २००२ साली फॉक्सने भाग उलटसुलट क्रमाने दाखवले. दोन तासांचा पहिला भाग, ज्यात पात्रांची ओळख होते, तो सगळ्यात शेवटी! १४ पैकी ११ भाग दाखवून मालिका बंद केली. अशा वेळी प्रेक्षक तरी कुठून मिळणार?

अलीकडची माझी लाडकी 'द एक्सपान्स'. तीन सीझननंतर सिफी वाहिनीने २०१८ मध्ये सोडली, चाहत्यांनी अ‍ॅमेझॉन स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान फिरवलं, आणि अ‍ॅमेझॉनने आणखी तीन सीझन केले. यात थाप एकच: अफाट कार्यक्षम इंजिन. बाकी सगळं न्यूटनच्या नियमांनी. यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जातं, मग तोंड फिरवून उरलेली वाट ब्रेक लावत येतं. इंजिन बंद पडलं की वजन गेलं. लघुग्रहांच्या पट्ट्यात जन्मलेली माणसं उंच आणि ठिसूळ हाडांची. पहिल्याच भागांत अशा एका कैद्याला पृथ्वीवर नुसतं टांगून ठेवून त्याचा छळ केला जातो. गुरुत्वाकर्षण हेच छळाचं हत्यार! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला सलाम.

'स्टार ट्रेक' की 'स्टार वॉर्स'?

ट्रेक. पुढचा प्रश्न.

भारतात चांगला विज्ञानपट का बनत नाही? पैसा नाही म्हणून?

पैशाची सबब मला मान्य नाही. शेन कॅरुथ नावाच्या इंजिनियरने 'प्रायमर' (२००४) सुमारे सात हजार डॉलरमध्ये बनवला. दोन मित्र, एक गॅरेज आणि कालप्रवास घडवणारा एक खोका. त्याला सनडान्स महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडे तर 'कल्की २८९८ एडी'सारखे अवाढव्य खर्चाचे सिनेमे निघतात. तेव्हा पैसा आहे. खोट पटकथेत आहे. आपला निर्माता एका थापेवर समाधानी नसतो. त्याला त्याच सिनेमात आईची माया, पुराण, स्वित्झर्लंडमधलं गाणं आणि खलनायकाची प्रयोगशाळाही हवी असते.

चुटपुट लागते ती सत्यजित राय यांच्या 'द एलियन'ची. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं आणि परग्रहवासीयाची एका गरीब पोराशी गट्टी जमते, अशी पटकथा. १९६७ मध्ये कोलंबिया या हॉलिवूडच्या कंपनीशी बोलणी झाली, नट म्हणून पीटर सेलर्सचं नाव ठरत होतं, मग हक्कांचा घोळ झाला आणि सिनेमा बारगळला. 'ई.टी.' आल्यावर दोन्हींतलं साम्य रायांनी बोलून दाखवलं, 'ई.टी.'चा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने आरोप नाकारला. आणि २००३ मध्ये 'कोई... मिल गया' आला, तेव्हा सगळे म्हणाले, हा 'ई.टी.'वरून घेतलाय!

अगदीच काही नाही असंही नाही. आरती कडवचा 'कार्गो' (२०१९) जरूर पाहा. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारं अवकाशयान, त्यावर नोकरी करणारे राक्षस, आणि सरकारी कचेरीतला रटाळपणा. पुराण घेतलंय, पण तीच त्याची एकमेव थाप आहे आणि ती शेवटपर्यंत पाळलीय. विक्रांत मॅसीने त्या यानावरचा कंटाळा फार छान दाखवलाय.

आणि मराठीत?

कागदावर श्रीमंती, पडद्यावर दुष्काळ. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखक होते जयंत नारळीकर, पण कथा पाठवली होती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने, आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावाच्या वजनाने कोणी गुण देऊ नयेत. त्यांच्यासोबत आणि नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी भरपूर लिहिलं. यातल्या कित्येक कथा दोन खोल्यांत आणि चार पात्रांत घडतात, म्हणजे कमी खर्चाच्या सिनेमाला साजेशा. तरी पडद्यावर ठळक नाव आठवतं ते सुजय डहाकेच्या 'फुंतरू'चं (२०१६). सिनेमा पुरता जमला नाही, पण प्रयत्न केला याचं श्रेय द्यायलाच हवं. एकांकिका स्पर्धांमधली मुलं आणि वेब सिरीजवाले या कथांकडे कधी वळणार, हा माझा उलटा प्रश्न.

रद्दड विज्ञानपट आवडला तर लाज वाटायला हवी का?

मुळीच नाही. कुठल्याही गोष्टीतला नव्वद टक्के माल टाकाऊच असतो, असं विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन म्हणून गेला, आणि तेही विज्ञानकथांना नावं ठेवणाऱ्यांना उत्तर म्हणून. त्या नव्वद टक्क्यांत पुष्कळ करमणूक आहे. फक्त 'मला आवडला' आणि 'चांगला आहे' ही दोन वाक्यं वेगळी ठेवा, म्हणजे निम्मी भांडणं होणारच नाहीत.

ही भांडणं सोशल मीडियामुळे वाढली ना?

१९२७ साली 'मेट्रोपोलिस' हा मूकपट पाहून विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची सालटी काढली होती. इतका मूर्ख सिनेमा पाहिला नाही, असा सूर. यंत्रं आली की मजुरांचे कष्ट कमी होतील, इथे उलटंच दाखवलंय, हा त्याचा एक मुद्दा. वेल्सचं तर्कशास्त्र ठीक होतं. पण सिनेमा आजही पाहिला जातो, आणि त्याचे हरवलेले तुकडे २००८ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये सापडले तेव्हा जगभर बातमी झाली.

विज्ञानपट न आवडणाऱ्या माणसाला सुरुवातीला काय दाखवू?

'अरायव्हल' (२०१६). नायिका भाषातज्ज्ञ आहे, बंदुकीपेक्षा व्याकरणाला महत्त्व आहे. लढाया आणि यानं अजिबात नकोत असं म्हणणाऱ्याला 'गॅटाका' (१९९७): जन्मतःच जनुकं तपासून माणसाची लायकी ठरते, एवढी एक थाप, बाकी सगळे सुटाबुटातले लोक. सोबत मुलं असतील तर 'द आयर्न जायंट' (१९९९), आणि रुमाल जवळ ठेवा. 'प्रायमर' मात्र पहिल्याच दिवशी नको. ७७ मिनिटांचाच आहे, पण कोण कितव्यांदा मागे गेला हे लावायला नंतर कागद-पेन घेऊन बसावं लागतं.